गप्प बसणारं मेण

मुलांनो, दिवाळीच्या सुमाराला थंडी हळूच घरात शिरते आणि कपाटातली एक डबी बाहेर निघते. ओठ उलले, लाव. टाचा फुटल्या, लाव. गाल खरखरीत झाले, लाव. आतला पदार्थ पांढुरका, बुळबुळीत, ना चव ना वास. आज या डबीची चौकशी करू या. तिच्याबरोबर आईच्या कोल्ड क्रीमची आणि ताईच्या लिपस्टिकचीही, कारण या मंडळींत बहुतेक वेळा एकच घराणं सापडतं : पॅराफिनचं.

डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून बघा. ‘पॅराफिनम लिक्विडम’ किंवा ‘मिनरल ऑइल’ म्हणजे पातळ तेल. ‘पेट्रोलॅटम’ म्हणजे आपली जेली. आणि ‘पॅराफिन वॅक्स’ म्हणजे घट्ट मेण, मेणबत्तीत असतं त्याच जातीचं, पण जास्त शुद्ध केलेलं. सगळी खनिज तेलाची लेकरं. ज्या तेलातून पेट्रोल आणि रॉकेल निघतं, त्यातूनच हे मेण!

‘शी!’ म्हणालात ना? थांबा, आधी गोष्ट ऐका.

१८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं. न्यू यॉर्कमध्ये रॉबर्ट चेसब्रो नावाचा २२ वर्षांचा रसायनतज्ज्ञ होता. देवमाशाच्या तेलापासून दिव्याचं तेल काढायचा त्याचा उद्योग. जमिनीतूनच तेल येऊ लागलं म्हटल्यावर तो धंदा बसणार, हे त्यानं ओळखलं आणि सरळ टायटसव्हिल गाठलं. तिथे पंपाच्या दांड्यांवर काळपट, चिकट मेण साचायचं. पंप अडायचे, कामगार वैतागायचे. पण हात कापला किंवा भाजला की हेच कामगार तेच मेण जखमेवर चोपडायचे! चेसब्रोनं ते मेण बरोबर नेलं, कित्येक वर्षं खपून स्वच्छ केलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. नाव ठेवलं ‘व्हॅसलीन’. म्हातारपणी तो रोज चमचाभर व्हॅसलीन खायचा, असं सांगतात. तुम्ही मात्र ओठांपुरतंच ठेवा!

मग मेणात काही औषध होतं का? मुळीच नाही. उत्तर त्याच्या नावातच आहे. १८३० मध्ये कार्ल रायखेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाला लाकडाच्या डांबरातून पॅराफिन मिळालं होतं. त्यावर आम्ल टाका, अल्कली टाका, हे आपलं गप्प! लॅटिनमध्ये ‘पारुम’ म्हणजे थोडं आणि ‘अफिनिस’ म्हणजे नातं असलेला. कोणाशी फारसं नातं न जोडणारं, म्हणून पॅराफिन. कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या, बस्स. या स्वभावामुळेच ते क्रीममध्ये चालतं. ते खवट होत नाही, सहसा कोणाला त्याची ॲलर्जी येत नाही.

आपल्या त्वचेतून पाणी सतत उडत असतं. थंडीत हवा कोरडी, म्हणून ते जास्त उडतं आणि कातडी तडकते. मेण त्यावर झाकणासारखं बसतं. ते त्वचेला पाणी देत नाही, अन्नही देत नाही (जाहिराती काही म्हणोत!). आहे ते पाणी राखतं, एवढंच. पटत नसेल तर बटाट्याच्या दोन चकत्या घ्या. एकीला सगळीकडून जेली लावा, दुसरी तशीच ठेवा आणि दोन दिवसांनी बघा.

म्हणूनच कोरड्याठक्क टाचांवर रात्री डबीभर जेली थापून फारसा उपयोग नाही. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पातळ थर द्या. पैसेही वाचतात.

मेणाशी आपली ओळख तशी जुनी. पणजीच्या काळी बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि त्यावर कोरडं कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. ते मेण मधमाशांचं. कोल्ड क्रीममध्येही पूर्वी मधमाश्यांचं मेण आणि ऑलिव्हचं तेल असे. पण वनस्पतीचं तेल खवट होतं, म्हणून पुढे पुष्कळ ठिकाणी त्याची जागा पॅराफिन तेलानं घेतली. लिपस्टिकच्या कांडीत मात्र घट्ट मेण हवंच, नाहीतर नागपूरच्या मे महिन्यात ती उभी कशी राहणार?

आता तुमच्या त्या ‘शी!’कडे वळू. कच्च्या मेणात नको ते घटक असतात, हे खरं. सगळी मदार शुद्धीकरणावर. डबीवर ‘आय. पी.’ अक्षरं असली तर आतला माल भारतीय औषधसंहितेच्या कसोटीचा आहे असं समजायचं. रंगीत, वासाची मेणबत्ती वितळवून टाचांच्या भेगांत भरायचा घरगुती उपाय म्हणूनच टाळलेला बरा. ती त्वचेसाठी केलेलीच नसते.

आई-बाबांसाठी एक गोष्ट. बाळाच्या नाकात असलं तेल घालू नका. तिथून ते फुप्फुसात उतरू शकतं, आणि गप्प स्वभावामुळे शरीराला ते पचवताही येत नाही, हटवताही येत नाही. तिथेच साचून न्यूमोनिया होतो.

आणि दुसरी, तुम्हा सगळ्यांसाठी. मेणबत्तीचं नुसतं मेण काडीनं चटकन पेटत नाही, पण वात मिळाली की कसं जळतं! कपडा हीसुद्धा वातच. अंगाला भरपूर जेली किंवा पॅराफिनचं मलम लावलं की ते बाह्यांत, चादरीत मुरतं आणि असा कपडा ठिणगीनं फार झपाट्यानं पेट घेतो. ब्रिटनमध्ये अशा आगींत माणसं दगावली आणि तिथल्या औषध-नियंत्रण खात्यानं २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला. अशा मलमाचा अंश कपड्यातून धुऊनही पूर्ण निघेल याचा भरवसा नसतो. तेव्हा फुलबाज्या उडवायच्या आधी हात साबणानं धुवा आणि जेली लागलेला सदरा बदला. आजोबांच्या अंगाला रोज मलम लावावं लागत असेल, तर त्यांची चादर वरचेवर बदला आणि त्यांना शेगडीपासून, विडी-काडीपासून लांब बसवा.