चौदा क्लबांची घाई

गोल्फ शिकताना ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, सगळ्यांत शेवटी घ्या, असं मी मागे लिहिलं तेव्हा काही वाचकांना ते फार कडक वाटलं होतं. नवशिक्याचा हिरमोड कशाला करता, हौसेला मोल नसतं, असं त्यांचं म्हणणं. या आठवड्यात चंडीगडच्या गोल्फ रेंजवर जे पाहिलं, त्यानंतर तेच मी आणखी कडक शब्दांत लिहिणार आहे.

साताऱ्याकडचं कुटुंब, वडिलांची बदली होऊन इकडे आलेलं. मुलगी तेरा वर्षांची, चपळ, नजर पक्की. वडिलांनी लाखाच्या आसपास खर्च करून तिच्यासाठी पूर्ण सेट आणला होता. 14 क्लब, कोरी बॅग, प्रत्येक वुडच्या डोक्यावर टोपी. शाफ्टवर ‘स्टिफ’ छापलेलं. म्हणजे पुरुषाच्या मापाचा आणि त्यातही जोरात फटका मारणाऱ्या पुरुषाच्या. ड्रायव्हर उचलला की त्याचं वजन तिला मागे ओढत होतं. मग ती ग्रिप सोडून खाली पकडायची, कोपर दुमडायची, आणि चेंडू उजवीकडच्या जाळीत जायचा. अर्ध्या तासानं तिनं मला विचारलं, “काका, माझंच काहीतरी चुकतंय ना?”

तिचं काहीच चुकत नव्हतं. ज्यानं मुलीला उभं करून न पाहता तिच्या वडिलांना हा सेट दिला, त्याचं चुकलं होतं, आणि मला राग आहे तो या गोष्टीचा. इथून जालंधर फार लांब नाही. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथं खेळाच्या सामानाचा धंदा उभा केला. त्या बाजारात क्रिकेटची बॅट घ्यायला गेलात तर दुकानदार आधी पोराला स्टान्स घ्यायला लावतो, बॅट कमरेशी किती येते ते बघतो, मगच भाव सांगतो. गोल्फचा सेट मात्र टीव्हीसारखा खोक्यातून घरी येतो.

शाफ्ट कडक असणं ही काही प्रतिष्ठेची बाब नाही. ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी 95 मैलांच्या पुढे जातो, अशा माणसाला साधारणपणे स्टिफ शाफ्ट लागतो. त्याहून हळू फिरवणाऱ्याच्या हातात तो शाफ्ट पुरेसा वाकत नाही, चेंडू उठत नाही आणि बहुतेक वेळा उजवीकडे जातो. मुलांसाठी मोठ्यांचा क्लब कापून देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती याच कारणानं वाईट. शाफ्ट कापला की तो आणखी कडक होतो, आणि डोकं तेवढंच जड राहतं. सरळ उभं राहिल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर किती, पंजा केवढा, क्लब टेकवल्यावर त्याचा तळ सपाट बसतो की टाच-टोक वर राहतं, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

आता मला जी तुलना करायची आहे, ती चेंबूरची. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा. त्याच्या आसपासच्या वस्तीत, खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींची पोरं बांधकामावरची लोखंडी सळई टोकाला वाकवतात, मुठीच्या जागी रबरी नळी चढवतात आणि गल्लीत गोल्फ खेळतात. चेंडू प्लॅस्टिकचा, कारण खऱ्या चेंडूनं कुणाची काच किंवा कपाळ फुटेल. होल म्हणजे जमिनीत उकरलेला खड्डा. परदेशी वार्ताहरांनी तिथं जाऊन फोटो काढले, जगभर छापले. बहुतेकांनी त्यात गंमत पाहिली, कुणी जिद्द पाहिली. तिथं चालणारं शिक्षण मात्र फारसं कुणी पाहिलं नाही, आणि गोल्फ शिकू पाहणाऱ्यानं नेमकं तेच पाहायला हवं.

त्या सळईवर नंबर नसतो. लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, किती, लांबी किती, काही लिहिलेलं नसतं. गल्ली चार-पाच हात रुंद. एक फटका पत्र्यावरून न्यायचा, तर पुढचा दोन भिंतींच्या मधून गुडघ्याएवढ्या उंचीनं काढायचा. गटारापलीकडे चेंडू अलगद टाकायचा असतो, आणि उतारावरून तो घरंगळत खड्ड्यात पाडायचा असतो. हे सगळं एकाच सळईनं. मग पोरगा काय करतो? चेंडू कधी पुढच्या पायाशी घेतो, कधी मागच्या. सळईचं तोंड उघडतो, मिटतो. हात आखडतो, मनगट ढिलं सोडतो. चेंडूची उंची हातातून येते, हे त्याला दहाव्या वर्षी कुणी न सांगता कळलेलं असतं. गोल्फमध्ये ज्याला ‘हात’ म्हणतात तो असा तयार होतो. स्पेनचा सेवे बायेस्तेरोस पेद्रेन्याच्या वाळूवर एका जुन्या तीन नंबरच्या आयर्ननं तासन्‌तास खेळून शिकला. बंकरमधूनही तो तीच आयर्न चालवायचा. पुढे त्यानं पाच मेजर जिंकल्या.

इकडे आपल्या रेंजवर सपाट मॅट, समोर मोकळं मैदान, हाताशी 14 क्लब. सात नंबर चालली नाही की सहा काढायची, सहा चालली नाही की हायब्रिड, तेही नाही तर ड्रायव्हर, आणि मग बकेट संपते. सातव्या क्लबनंतर मुलीला पहिल्या क्लबचं वजन आठवत नाही. प्रत्येक क्लबची लांबी वेगळी, त्यामुळे चेंडूपासूनचं अंतर वेगळं आणि कमरेतला वाकही वेगळा. शरीर एकाही मापाशी मैत्री करू शकत नाही. चेंबूरच्या पोराला एकच वजन, एकच लांबी रोज मिळते, म्हणून त्याचा फटका पक्का होतो. या मुलीला रोज चौदा वेगवेगळी वजनं मिळतात, म्हणून ती बिचारी स्वतःलाच दोष देते.

सळई छान, गरिबी छान, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या मुलांना भिंतीपलीकडचं गवत मिळायला हवं, खरे क्लब मिळायला हवेत. आज ती त्या गवतावर चालतात ती दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन. बॅगेतला कुठला क्लब किती यार्डांचा, हे त्यांना सभासदापेक्षा जास्त ठाऊक असतं, पण त्यातला एकही त्यांचा नसतो. माझा मुद्दा इतकाच, की एका क्लबवर खेळ घडतो याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या मुंबईत आहे, आणि आपण पुरावा शोधतो तो कंपन्यांच्या जाहिरातींत.

रेंजवरच्या प्रशिक्षकानं त्या मुलीला मुलांच्या मापाची ग्रॅफाइट शाफ्टची सात नंबर काढून दिली. उरलेली बकेट तिनं तिच्यावर संपवली. चेंडू उठायला लागले.

कंपन्यांचा विषय निघालाच आहे तर नंबरांचं सांगतो. चाळीस वर्षांपूर्वीची सात नंबर साधारण 36 अंशांच्या लॉफ्टची असायची. आज नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सेटांत ती 28 ते 30 अंशांची असते, आणि शाफ्टही थोडा लांब. म्हणजे जुन्या हिशेबानं ती पाच नंबर झाली. दुकानात दोन फटके मारले की चेंडू लांब जातो, गिऱ्हाईक खूश. घरी आल्यावर कळतं, की पिचिंग वेजही 44 अंशांच्या आसपास येऊन बसली आहे, सँड वेज 56 वर आहे, आणि मधल्या अंतरासाठी आणखी एक वेज विकत घ्यायची आहे. चेंडूचं वजन आणि गुरुत्वाकर्षण तेच आहे, नंबर तेवढे बदलले. खरेदी करताना तळावरचा नंबर वाचू नका. लॉफ्ट विचारा.

ड्रायव्हर मागे ठेवा म्हणतो, त्यामागे साधं गणित आहे. पार 72 च्या मैदानावर साधारणपणे चार होल तीन पारचे असतात. तिथं ड्रायव्हर लागत नाही. म्हणजे पूर्ण फेरीत ड्रायव्हर फार तर 14 वेळा बाहेर निघतो. त्याच 72 मध्ये पटिंगसाठी प्रत्येक होलला दोन, असे 36 फटके धरलेले आहेत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. त्या स्पर्धेत टी-वरून तिचे फटके सगळ्यांत आखूड मारणाऱ्यांत मोडत होते. तिनं जगातल्या बलदंड खेळाडूंना गाठलं ते ग्रीनवर, पटर हातात घेऊन. तरीही आमचे हौशी पालक ड्रायव्हरवर सगळ्यांत जास्त पैसे घालतात, आणि पटर सेटबरोबर येईल तो चालवून घेतात.

चंडीगडच्या बाबतीत तर हे आणखी खरं. सेक्टर 6 मधलं इथल्या क्लबचं मैदान झाडांनी दोन्ही बाजूंनी आवळलेलं आहे. जीव मिल्खासिंग याच झाडांमध्ये वाढला आणि 2006 साली वाल्देरामाला व्होल्वो मास्टर्स जिंकला. तेही मैदान कॉर्क ओकच्या झाडांत अडकलेलं, अरुंद. माझ्या मते हा योगायोग नाही. आडवातिडवा लांब फटका इथं झाडाच्या बुंध्यावर आदळून परत पायाशी येतो, आणि सरळ मारणाऱ्याला हे शहर घडवतं.

14 हा आकडा तरी कुठून आला? अमेरिकेत हा नियम 1938 पासून, आणि पुढच्या वर्षी ब्रिटननं तो घेतला. त्याआधी लॉसन लिटलसारखे खेळाडू तीसच्या आसपास क्लब घेऊन फिरत, आणि कॅडीचा खांदा मोडायची वेळ येई. 14 ही कमाल मर्यादा आहे. नियमात किमान कुठेही नाही. 1916 साली चिक इव्हान्स सात क्लब घेऊन यूएस ओपन जिंकला, आणि त्याचा 286 फटक्यांचा विक्रम पुढची वीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या विजेत्याला जे सातांत भागलं, ते पहिल्या महिन्यातल्या मुलीला दुप्पट कशासाठी?

तर मी काय घ्यायला सांगेन? एक सात नंबर, एक सँड वेज, एक पटर. तिन्ही आपल्या उंचीचे, आपल्या ताकदीचे. आयर्न कॅव्हिटी-बॅक घ्या, म्हणजे वजन कडांना असतं आणि चेंडू मध्यावर लागला नाही तरी फार भरकटत नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणाऱ्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरनं 1959 मध्ये हे तत्त्व आधी पटरमध्ये आणलं, मग आयर्नमध्ये. त्याच्या ‘पिंग’ क्लबांमुळे कोट्यवधी नवशिक्यांचं भलं झालं. पातळ, चकचकीत ब्लेड दिसायला सुंदर असतात, त्या अजून काही वर्षं दुसऱ्याच्या बॅगेत शोभू द्या. तीन क्लब हाताला बसले की नऊ नंबर आणि एक हायब्रिड. मग फेअरवे वुड, आणि चेंडू सरळ जायला लागला की ड्रायव्हर. हा झाला हाफ सेट. पुष्कळांना तो आयुष्यभर पुरतो.

आणि जुना घ्या. नव्या सेटची किंमत दुकानाबाहेर पाऊल टाकताच उतरते. जुना क्लब घेताना डोकं हलतं का, स्टीलच्या शाफ्टला आतून गंज आहे का, चेहऱ्यावरच्या खाचा झिजल्यात का, एवढं पाहा. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर घाबरू नका, ती थोडक्या पैशांत बदलून मिळते. हे बघायला जाताना सोबत एखादा अनुभवी कॅडी न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

नेहमीचे वाचक म्हणतील, आला हा कॅडींवर. येणारच. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होता, तो 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्त्याला मैदानाची निगा राखत, आणि पोरगा 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. भारतातल्या गोल्फची अर्धी अक्कल कॅडींच्या डोक्यात आहे, हे माझं मत मी बदललेलं नाही. नवशिक्याला कुठला क्लब लागेल हे दोन स्विंग पाहून सांगणारी माणसं हीच आहेत, आणि सल्ला मात्र आपण काउंटरमागच्या माणसाकडे मागतो.

तो चिक इव्हान्सही मूळचा कॅडी. स्वतःच्या नावावर मिळालेल्या पैशांतून त्यानं कॅडींच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू करायला लावली. 1930 मध्ये पहिली मुलं त्यावर कॉलेजात गेली, आणि ती आजही चालू आहे. आपल्या क्लबांना एवढं मोठं काम आज जमणार नसेल, तर निदान लहान तरी करता येईल. चंडीगड, पंचकुला, पुणे, चेंबूर इथल्या सभासदांना माझी विनंती आहे : बदललेल्या सेटातली सात नंबर, एखादी वेज, जुना पटर घरात धूळ खात असेल, तर तो आपल्या कॅडीच्या घरी द्या. मुलगा किंवा मुलगी लहान असेल, तर कापून देऊ नका, त्यांच्या मापाचा एक क्लब विकत घेऊन द्या. आणि साताऱ्याच्या त्या बाबांना सांगतो, सेट अजून कोरा आहे, परत घेतात का विचारा. नाही घेतला तर विकून टाका. तुमच्या मुलीला सध्या तीन क्लब पुरे आहेत.