प्राण कंठाशी आल्यावरचा तगादा
निन्टेन्डोच्या १९८६ साली जपानात सुरू झालेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळमालिकेत नायक लिंकच्या पदरी आरंभी असलेल्या तीन हृदयांपैकी शेवटचे तेवढे उरले, की जी कर्कश टिटटिट सुरू होते आणि प्राण सावरेपर्यंत, दारात ठाण मांडून बसलेल्या वसुलीच्या प्याद्याप्रमाणे, हटत नाही, ती सूचना म्हणून रास्त असली तरी शिक्षा म्हणून मला सर्वथा अन्याय्य वाटते. एकाग्रतेची निकड सर्वाधिक असते नेमके तेव्हाच चित्त विचलित करायचे, हा कुठला न्याय! या मालिकेचे संगीतकार कोजी कोंडो यांच्या संगीताविषयी मला नितांत आदर आहे; म्हणूनच त्यावर हा भुणभुणाट लादणे विशेष खटकते. इशारा एकदा द्यावा, फार तर दोनदा. मग गप्प बसावे.