नऊशे पौंडांचा हीट पंप

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता मी जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळत होतो. (हा माझा जुना रोग आहे. पुण्यात असताना दर रविवारी जुन्या बाजारात चक्कर असायची, ती सवय इथे रेडिंगला आल्यावर फोनवर शिफ्ट झाली इतकंच.) आणि एकदम समोर आला एक हीट पंप. ११ किलोवॅट, चांगल्या कंपनीचा, सहा वर्षं वापरलेला, किंमत ९०० पौंड. नवीन घ्यायला जावं तर नुसतं यंत्र तीन-चार हजारांच्या घरात जातं. मी चहाचा कप खाली ठेवला. बायकोने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय घेतोयस आता?"

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडातली बहुतेक घरं गॅसच्या बॉयलरवर तापतात. बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरतं. हीट पंप हेच काम विजेवर करतो, पण गीझरसारखं नाही. तो बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फ्रीज उलटा लावलाय." अगदी बरोबर. फ्रीजच्या मागची जाळी गरम लागते ना, ती जाळी घरात आणि फ्रीजचा आतला कप्पा अंगणात. केल्विनसाहेबांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडून ठेवली होती. एक युनिट वीज घातली की तीन-चार युनिट उष्णता मिळते, आणि सगळी मजा त्या तीन की चारमध्ये आहे. त्याच्याकडे येतोच.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून पंप बघायला गेलो. एक निवृत्त गृहस्थ, मोठं घर, मागे शेड. शेडच्या आडोशाला तो पंप उभा, अंगावर निळी ताडपत्री. घर वाढवलं, आता आणखी मोठा बसवला, म्हणून हा काढला, असं म्हणाले. माणूस सरळ होता, कारणही पटण्यासारखं होतं. मी विचारलं, कधी काढला? "गेल्या हिवाळ्याच्या आधी." काढताना आतलं पाणी पूर्ण काढून टाकलं होतं का? त्यांनी खांदे उडवले. "ते बसवणाऱ्यांनी केलं असेल."

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा पंप मोनोब्लॉक होता. म्हणजे उष्णता वाहून नेणारा गॅस बाहेरच्या पेटीतच बंद असतो, आणि घरातलं पाणी त्या पेटीपर्यंत जाऊन तापून परत येतं. जुना घेणाऱ्याला खरं तर मोनोब्लॉकच सोयीचा. स्प्लिट प्रकारात गॅसचे पाइप घरापर्यंत येतात, ते सोडवायला आणि जोडायला गॅस हाताळण्याचं सर्टिफिकेट असलेला माणूस लागतो, आणि आधीच्या मालकाने तो बोलावला नसेल तर गॅस केव्हाच हवेत गेलेला असतो. पण मोनोब्लॉकची दुखरी नस वेगळी आहे. चालू असताना तो पाणी गोठू देत नाही. वीज बंद करून, पोटात पाणी ठेवून त्याला थंडीत उभा केला, की आतल्या पातळ पत्र्यांमधलं पाणी गोठतं, फुगतं आणि पत्रा फाटतो. बाहेरून काही दिसत नाही. पेटी चकाचक, पंखा हाताने छान फिरतो. आणि तुम्ही घरी आणून जोडलात की गॅस शिरतो पाण्यात. संपलं. ९०० पौंडांचं भंगार.

बाबांनी १९८९ मध्ये जुनी स्कूटर घेतली तेव्हा ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला होता. त्याने स्कूटरकडे बघितलंसुद्धा नाही, आधी किक मारली. हीट पंपाला किक मारता येत नाही ही पंचाईत आहे. एकदा भिंतीवरून काढला की तो चालतो का हे कळायचा साधा मार्ग उरत नाही. म्हणून जुना पंप घ्यायचाच असेल तर तो जागेवर चालू असताना बघायला जा. कंट्रोलरच्या मेनूत शिरा. बऱ्याच पंपांत एकूण किती तास चालला आणि किती वेळा सुरू झाला हे आकडे साठवलेले असतात. तासांना सुरू होण्याच्या संख्येने भागा. ९,००० तास आणि ६०,००० वेळा सुरू, म्हणजे दर खेपेला सरासरी नऊ मिनिटं. असा पंप आयुष्यभर उचक्या देत जगलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. लॉग वाचल्याशिवाय कुणाचं सर्व्हर ताब्यात घेऊ नये, तसंच हे.

उचक्यांवरून आठवलं, दुसरा प्रश्न मापाचा. अकरा किलोवॅट ऐकून मला आधी बरं वाटलं होतं. मोठं ते चांगलं, ही आपली देशी समजूत. घरी येऊन हिशेब मांडला. एक सोपा ठोकताळा आहे: वर्षाला जितके युनिट गॅस जळतो त्याला २,९०० ने भागलं की घराला कडाक्याच्या थंडीत साधारण किती किलोवॅट लागतील ते कळतं. आमचा गॅस वर्षाला १४,५०० युनिट. म्हणजे पाच किलोवॅट. बाहेर उणे ३ आणि आत २० असताना पाच. पण उणे ३ वर्षातून कितीदा असतं? बहुतेक हिवाळा ७ अंशांच्या आसपास जातो, आणि तेव्हा घराला लागतात जेमतेम २.८. अकरा किलोवॅटचा पंप कितीही हळू चालवला तरी चार-साडेचारच्या खाली उतरत नाही. मग तो काय करणार? दहा मिनिटं चालणार, पाणी तापलं म्हणून थांबणार, पुन्हा सुरू होणार. उचक्या! ट्रक घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाण्याचा प्रकार.

यात जातात पैसे. सोयीसाठी वीज २५ पेन्स आणि गॅस ६ पेन्स युनिट धरू. गेली काही वर्षं वीज गॅसच्या साधारण चौपट महाग राहिली आहे. बॉयलरचा वाया जाणारा भाग सोडला तर आमच्या घराला वर्षाला सुमारे १२,३०० युनिट उष्णता लागते. गॅसवर खर्च ८७० पौंड. हीट पंपाने एकाचे तीन केले तर ४,१०० युनिट वीज, १,०२५ पौंड. एकाचे चार केले तर ७६९. तीन आणि चारमध्ये वर्षाला अडीचशे पौंडांचा फरक, दहा वर्षांत अडीच हजार! आणि हा तीन की चारचा फैसला पेटीवरच्या कंपनीच्या नावावर कमी आणि बाकीच्या गोष्टींवर जास्त ठरतो. माप बरोबर आहे का, रेडिएटर मोठे आहेत का, पाणी ५५ अंशांऐवजी ४० अंशांवर फिरवून घर तापतंय का. पाणी जितकं कोमट चालेल तितकी पंपाची मेहनत कमी. स्वस्तात मिळाला म्हणून चुकीच्या मापाचा पंप बसवला, तर वाचवलेले पैसे वीज कंपनी हप्त्याहप्त्याने परत घेते.

इथपर्यंत सगळं तांत्रिक झालं, आणि तांत्रिक अडचणी सुटतात. समजा पाच किलोवॅटचा, चालू स्थितीत पाहिलेला, शहाण्यासारखा वापरलेला पंप मिळाला. मग घ्यावा?

मी एक्सेल उघडलं. पंप ९००, व्हॅनचं भाडं १२०, गरम पाण्याची नवी टाकी १,१००, चार मोठे रेडिएटर ७००, इलेक्ट्रिशियन ४५०, व्हॉल्व्ह-फिल्टर-पाइपांचं इन्सुलेशन वगैरे ४००, आणि प्लंबर १,२००. तोही मिळाला तर, कारण दोघांनी जुना पंप म्हटल्यावर फोन ठेवला. बेरीज ४,८७०. आता नवीन पंपाचं कोटेशन: सगळं धरून ११,८००. त्यातून सरकारी अनुदान ७,५०० वजा. राहिले ४,३००. वर काही वर्षांची वॉरंटी, आणि काही बिघडलं तर भांडायला एक माणूस.

मी बेरीज तीनदा तपासली. फुकट मिळाला असता तरी जुना पंप जेमतेम तीनशे पौंडांनी स्वस्त पडला असता!

ही बॉयलर अपग्रेड स्कीम इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हा हवेवर चालणाऱ्या पंपाला ५,००० पौंड मिळायचे, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० झाले. अट अशी, की यंत्र नवीन हवं आणि बसवणारा एमसीएस या संस्थेचा प्रमाणित हवा. प्रमाणित माणूस बसवतो तेव्हा मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅटही शून्य. तुम्ही टाकी आणि रेडिएटर स्वतः दुकानातून आणलेत तर २० टक्के. परवानगीचंही तसंच. मे २०२५ मध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची अट गेली खरी, पण बिनपरवानगी बसवायचा तर आवाजाचा हिशेब एमसीएसच्या किंवा तशाच मानकाने करून दाखवावा लागतो. जुन्या यंत्रासाठी हा उद्योग अंगावर घेणारा प्रमाणित माणूस मला तरी सापडला नाही.

आता माझी खरी तक्रार. अनुदान असावं का? असावंच, त्याशिवाय लोक हलणार नाहीत. पण फक्त नव्यालाच दिल्यामुळे चालू स्थितीतल्या जुन्या पंपाची बाजारातली किंमत शून्यावर आली आहे. शेडमागचा तो पंप धडधाकट असेल, तरी त्याला घर मिळणं अवघड. त्याच्या पोटात आर-४१०ए हा गॅस आहे, ज्याचा एक किलो म्हणजे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइड. तीन किलो धरला तर सव्वासहा टन. तो नीट काढून घेणारा भेटला तर ठीक, नाहीतर एक दिवस कुणी भंगारवाला पाइप कापणार आणि फुस्स. पर्यावरणासाठी काढलेल्या योजनेत चालू यंत्र भंगारात ढकलायला पैसे मिळतात, हे मला काही केल्या पचत नाही.

सरकारची बाजूही कळते म्हणा. जुन्याला अनुदान दिलं तर एकच पंप दहा घरांत फिरवून दहा अनुदानं काढणारे महाभाग निघतील. असे लोक कुठल्याही देशात निघतात :-) पण त्यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक पंपाला सीरियल नंबर असतो. तपासून, दुरुस्त करून, दोन वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने विकलेल्या पंपाला दीड-दोन हजार द्या, नंबर नोंदवा, एका नंबरला एकदाच पैसे. हा डेटाबेस मी एका वीकेंडला लिहून देईन.

तोवर जुना पंप कुणी घ्यावा? याचं उत्तर मला स्विंडनच्या मित्राने दिलं, तेही नकळत. त्याच्याकडे हीट पंप आधीपासूनच आहे, दहा वर्षांपासून. गेल्या नोव्हेंबरात बाहेरची पेटी मेली. वॉरंटी केव्हाच संपलेली. अनुदान मिळणार नाही, कारण ते गॅस, तेल किंवा साध्या विजेचे हीटर काढणाऱ्यांना आहे, जुना पंप बदलणाऱ्यांना नाही. नव्या पेटीचा भाव साडेतीन हजार. घरात आठ महिन्यांचं बाळ, वहिनी दोन इलेक्ट्रिक हीटर घेऊन एकाच खोलीत. त्याने त्याच मॉडेलचा, त्याच पिढीच्या कंट्रोलरशी बोलणारा जुना पंप शोधला, आदल्या मालकाच्या घरी चालू असताना पाहिला, ७०० पौंडांना घेतला आणि ४०० देऊन एका दिवसात बसवून घेतला. टाकी होती, रेडिएटर होते, पाइप होते, माप दहा वर्षांपूर्वीच कुणीतरी नीट काढलेलं होतं. संध्याकाळी घर गरम.

म्हणजे जुना हीट पंप हा ज्याच्याकडे हीट पंप आहे त्याच्यासाठी आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने, अनुदान मिळत असेल तर, निमूटपणे नवीन घ्यावा. मीही तेच केलं. कोटेशनवर सही केली, पुढच्या महिन्यात माणसं येतील.

त्या निवृत्त गृहस्थांना मी नाही म्हणून कळवलं आणि पाणी गोठण्याचंही सांगितलं. त्यांनी आभार मानले. जाहिरात अजून आहे, किंमत ४५० झाली आहे. आणि आमचा बॉयलर, नऊ वर्षांचा, अजून ठणठणीत. कोटेशनमध्ये शेवटची ओळ आहे: जुना बॉयलर काढून विल्हेवाट लावणे, समाविष्ट. मी जाहिरात टाकून बघू का म्हटलं, तर बायको म्हणाली, "शेड आहे आपल्याकडे?"