बॅलेचा वर्ग : व्यायाम कमी, घाई जास्त

मुलगी आठवड्यातून दोनदा बॅलेच्या वर्गाला जाते, मग तिच्या व्यायामाची वेगळी काळजी कशाला, असा विचार पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र हौसेखातर नृत्य शिकणाऱ्या मुलींबाबत हा हिशेब चुकतो, हे अमेरिकेतील एका पाहणीने २०१५ मध्ये दाखवून दिले.

कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परिसरात २१ नृत्यशाळांमधील ५ ते १८ वर्षे वयाच्या २६४ मुलींच्या हालचाली उपकरणाने मोजण्यात आल्या. बॅलेसह सात नृत्यप्रकारांचा त्यात समावेश होता. एका वर्गात मध्यम ते जोरदार स्वरूपाचा व्यायाम सरासरी अवघा १७ मिनिटे झाला. वर्गाच्या वेळेचा तो जेमतेम ३६ टक्के भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटाला असा व्यायाम दररोज सरासरी ६० मिनिटे हवा. म्हणजे आठवड्याची गरज ४२० मिनिटांची, आणि दोन वर्गांतून पदरात पडतात सुमारे ३४ मिनिटे.

याचा दोष शिक्षकांना देता येणार नाही. बॅलेचा पाया दमछाक हा नसून नियंत्रण हा आहे. दांडीला धरून केलेल्या संथ हालचाली, मग सूचना, मग आपल्या पाळीची प्रतीक्षा आणि उड्या सहसा शेवटी, असा वर्गाचा क्रम असतो. त्यातून तोल, शरीराची ठेवण आणि पायांवरील ताबा सुधारतो. हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढण्यास मात्र तेवढे पुरेसे नाही.

खरा प्रश्न उभा राहतो तो 'पॉइंट'च्या बुटांपाशी. या बुटांत शरीराचा सारा भार बोटांच्या टोकांवर येतो. मुलींना त्यांचे आकर्षण असते आणि पालकांनाही ती प्रगतीची पावती वाटते. नृत्यवैद्यकातील 'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स' या संस्थेची भूमिका मात्र सावध आहे. बारा वर्षांपूर्वी सुरुवात नको. आठवड्यातून एकच वर्ग असेल तर पॉइंटपासून परावृत्त करावे. दोन वर्ग असतील आणि शरीर सक्षम असेल, तर शिक्षणाच्या चौथ्या वर्षी प्रारंभ करावा. धड, कंबर वा पाय कमकुवत असतील, तर आधी ते बळकट करावेत. थोडक्यात, केवळ वय हा निकष नव्हे.

पाऊल बाहेर वळवण्याच्या क्रियेलाही हेच लागू पडते. हे वळण खुब्यातून यायला हवे. तेथे मर्यादा असताना पावले बळेच वळवली, तर ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो.

त्यामुळे पालकांनी बूट कधी मिळणार, हे विचारण्याऐवजी मुलगी एका पायावर स्थिर उभी राहते का, गुडघा वाकवताना तो आत तर झुकत नाही ना, हे शिक्षकांना विचारणे अधिक हिताचे. धावणे, पोहणे, सायकल आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम यांची जोड मिळाली, तरच हौस निरोगी राहील. नृत्यमंच सोडल्यानंतरही आयुष्यभर चालायचे आहे ते याच गुडघ्यांवर.