सरासरी सांगता, मग चूकभूलही सांगा

भात कापणीला आले की रत्नागिरीच्या महसूल मंडळांत पीक कापणी प्रयोग सुरू होतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही शेते निवडायची, ठरीव मापाचा चौकोन आखायचा, त्यातले भात झोडून तोलायचे आणि मंडळाची सरासरी काढायची. ती उंबरठा उत्पन्नाखाली गेली तर विम्याची भरपाई. वर राहिली तर हात हलवत घरी.

या पद्धतीला आमचा विरोध नाही. शितावरून भाताची परीक्षा घरोघर होते. पण तिथे एका भांड्यात एकच तांदूळ शिजतो. मंडळात कातळालगतचे वरकस असते, तसा पऱ्ह्याकाठचा मळाही असतो.

समजा, 10 प्रयोगांची सरासरी हेक्टरी 24 क्विंटल आली आणि शेताशेतांतले प्रमाण विचलन 5 क्विंटल निघाले. संख्याशास्त्राच्या हिशेबाने या सरासरीला दोन्हीकडे 3.6 क्विंटलची चूकभूल धरावी लागते. म्हणजे पल्ला 20.4 ते 27.6. उंबरठा 23 असेल, तर मंडळाचे पीक त्याच्या वर की खाली, हे या 10 प्रयोगांना सांगताच येत नाही. तरी कागदावर भरपाई नाकारली जाते!

इथे आपणही चुकू नये. 95 टक्के खात्रीचा पल्ला म्हणजे 95 टक्के शेतकऱ्यांचे पीक त्यात बसते, असे नव्हे. असे प्रयोग पुनःपुन्हा केले, तर शंभरातले सुमारे 95 पल्ले खऱ्या सरासरीला गाठतील, एवढाच त्याचा अर्थ. ‘माझ्या शेतात 12 च पिकले’ म्हणून सरासरी खोटी ठरत नाही. आणि चूकभूल कधी आपल्या बाजूनेही पडते.

ती निम्मी करायची, तर प्रयोग चौपट लागतात. पण चौकोनच चुकीचा आखला, तर प्रयोग कितीही वाढवा, उपयोग नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकातच दाखवले होते, की चौकोन फार लहान घेतला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते. फुगलेले उत्पन्न म्हणजे बुडालेली भरपाई.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. सरासरीबरोबर प्रयोगांची संख्या आणि पल्ला चावडीवर लावा. उंबरठा त्या पल्ल्यात येत असेल, तिथे प्रयोग वाढवा. आणि शेतकऱ्यांनो, चौकोन आखताना बांधावर हजर राहा. वाण्याच्या बिलावर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असते. विम्याच्या हिशेबात ती फक्त शेतकऱ्याने का द्यावी?