दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही त्यांपैकी एक होय. संसदेने ती सप्टेंबर २०२० मध्येच संमत केली होती. अंमलबजावणी मात्र पाच वर्षे लांबली. कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम, मळे, विडी उद्योग, कंत्राटी कामगार इत्यादींविषयीचे तेरा जुने कायदे या एका संहितेत विलीन झाले आहेत. वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून या संहितांची जी चर्चा झाली, ती प्रामुख्याने कामाचे तास, स्त्रियांची रात्रपाळी, संपाची पूर्वसूचना आणि कामगारकपातीची मुभा यांभोवती फिरत राहिली. ती चर्चा आवश्यक होतीच. परंतु सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतावा यासाठी कायदा कोणावर कोणते कर्तव्य लादतो, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. आम्ही आज त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, आणि त्यासाठी आरंभ नव्या संहितेपासून न करता जुन्या कायद्यातील एका कलमापासून करतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ सामान्य वाचकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. टाकी, कुंड, खड्डा, नळ किंवा तत्सम बंदिस्त जागेत घातक वायू असण्याचा संभव असेल, तर तेथे माणूस उतरवण्यापूर्वी काय करावे हे ते सांगते. प्रथम आतील वायू शक्य त्या सर्व उपायांनी बाहेर काढावा आणि तो पुन्हा आत शिरणार नाही अशी तजवीज करावी. त्यानंतर जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यावा. तसे नसेल तर उतरणाऱ्याने श्वसनाचे योग्य उपकरण लावावे, अंगाला पट्टा बांधावा, पट्ट्याला दोर घट्ट जोडावा, आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने हाती धरावे. कायद्याची भाषा एरवी रुक्ष असते. येथे मात्र ती एका माणसाला अंधारात उतरवताना दुसऱ्या माणसाला काठावर उभे करते आणि जागचे हलू नकोस असे बजावते.

पुढे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्याने सरकारला खडबडून जागे केले. १९८७ साली या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. कामगारांची सुरक्षा, आरोग्य व कल्याण यांची काळजी घेणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य आहे असे स्वतंत्र कलम घालण्यात आले. धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण आले. कामगाराला धोक्याची माहिती मिळवण्याचा व आसन्न संकटाची सूचना देण्याचा हक्क मिळाला. ‘अमुक यंत्राला जाळी बसवा’ असे एकेक नियम सांगण्यापलीकडे जाऊन ‘धोका शोधणे हेच तुमचे काम आहे’ असे कायदा मालकाला सांगू लागला, हा बदल लहान नव्हता.

नव्या संहितेने हे सूत्र पुढे नेले आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. इजा किंवा व्यवसायजन्य आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे असे तिचे सहावे कलम म्हणते. विहित कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करावयाची आहे. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यावयाचे आहे. ज्याच्या नावाचा कोठेच कागद नसतो त्याच्या मृत्यूनंतर तो येथे कामाला होता हेच सिद्ध करता येत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तरतुदीचे मोल कळेल. पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे सक्तीचे होते. आता ती मर्यादा पाचशेवर, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात अडीचशेवर आली आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या दंडाची निम्मी किंवा अधिक रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणी किमान दंड पंचवीस हजार रुपये होता!

परंतु संहितेची दुसरी बाजूही आहे. १९४८ च्या मूळ व्याख्येनुसार विजेवर चालणारा, दहा कामगारांचा उद्योग म्हणजे कारखाना. वीज नसेल तर वीस. नव्या संहितेत हेच आकडे वीस व चाळीस झाले. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्यातील वीसची मर्यादा पन्नासवर गेली. पूर्वी जे तपशील प्रत्यक्ष अधिनियमात होते, त्यांतील पुष्कळसे आता सरकारने करावयाच्या नियमांवर व मानकांवर सोपवले आहेत. अधिनियम बदलायचा तर संसदेपुढे जावे लागते, नियम बदलायला अधिसूचना पुरते. निरीक्षकाचे नावही ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ असे झाले आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० रोजी झालेल्या स्फोटात आठ जीव गेले. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोटांनी माणसे मारली. अशा परिसरात राहणाऱ्यांना सुविधाकारापेक्षा निरीक्षकाची निकड अधिक वाटली तर त्यात नवल ते काय?

असो. कारखान्यांविषयी बोलणारे, लिहिणारे, लढणारे अनेक आहेत. कामगारांच्या संघटना आहेत, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. आमचा मुख्य रोख वेगळा आहे. कलम ३६ मधील टाकीसारखीच टाकी आपल्या इमारतीच्या मागच्या अंगणात, फरशीखाली असते. तेथे मात्र कलम ३६ कधीच लागू नव्हते, कारण गृहनिर्माण संस्था म्हणजे कारखाना नव्हे. दोन वॉचमन आणि एक झाडूवाला यांच्या बळावर चालणारी संस्था नव्या संहितेच्या दहा कामगारांच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचत नाही. सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना ही संख्येची अट नाही हे खरे, पण ते त्या अधिसूचनेवर अवलंबून आहे.

वसई-विरार पट्ट्यात इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या त्या वेगाने भूमिगत मलवाहिन्या आल्या नाहीत. असंख्य इमारतींचा मैला आजही सेप्टिक टँकमध्येच साठतो. टाकी भरली, तळमजल्यावर दुर्गंधी येऊ लागली, की सेक्रेटरी ओळखीच्या ठेकेदाराला फोन करतात. दर ठरतो. ठेकेदार मुकादमाला सांगतो, मुकादम नाक्यावरून किंवा वस्तीतून दोघातिघांना आणतो. ही माणसे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या याच कामात लोटल्या गेलेल्या जातींतील, किंवा गावाहून नुकतीच आलेली व कोणतेही काम नाकारण्याच्या स्थितीत नसलेली असतात. बादली, बांबू, दोरखंड एवढेच साहित्य. दोरखंड असतो, पण तो बादलीला! संस्थेच्या दफ्तरात नोंद होते ती ‘टाकी सफाई’ या नावाने, एका पावतीची. या साखळीत मालक कोण, असे विचारले तर प्रत्येकजण आपल्या पुढच्याकडे बोट दाखवील.

आत काय असते? साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कर्बद्विप्राणील वायू सुटतात आणि प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. अल्प प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, त्यामुळे वास आला नाही म्हणजे धोका नाही अशी समजूत पसरलेली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या वायूचे प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो; वास नाहीसा होतो आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. काडी पेटवून किंवा कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही येथे निरुपयोगी व घातक आहे, कारण मिथेन पेट घेतो. झाकण तासभर उघडे ठेवले म्हणजे काम झाले असेही नाही, कारण गाळ ढवळला जाताच त्यात अडकलेला वायू नव्याने सुटतो. पहिला कोसळला की वर असलेला सोबती, पुष्कळदा त्याचा भाऊ किंवा गाववाला, त्याला काढायला तसाच उतरतो. मग तिसरा. एकाच टाकीत तीन-चार मृतदेह सापडतात ते यामुळे. काठावरच्या माणसाच्या हाती दोराचे टोक असते तर त्याला खाली उतरावेच लागले नसते; त्याने तेथूनच ओढले असते.

या मृत्यूंसाठी वेगळा कायदा आहे, आणि तो नव्या संहितेत विलीन झालेला नाही. हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ असे त्याचे लांबलचक नाव. त्याचे सातवे कलम म्हणते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा अभिकरण यांनी कोणालाही गटार वा मैला टाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे कामाला लावता कामा नये. येथे दहा, वीस, चाळीस असा आकडा नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. आणि ‘अप्रत्यक्षपणे’ या एका शब्दाने ठेकेदाराचा पडदा दूर सारला आहे. पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा घडल्यास पाच वर्षे व पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. नियमांनुसार सुरक्षासाधनांसह माणूस गटारात उतरवण्याची मुभाही मोजक्याच अपवादात्मक कामांसाठी आहे; त्यांपलीकडे अगदी अपरिहार्य प्रसंग असेल तर स्थानिक प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. आमच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींपैकी कितीजणांनी अशी परवानगी कधी मागितली असेल?

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तिघे मजूर गुदमरून मेले. त्यांच्या पत्नींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मोकळीक ठेवली. एप्रिल २०२४ मध्ये आमच्याच विरारमध्ये एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगारांचा अंत झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलेली दहा लाखांची भरपाई २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाखांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई करून घेणे बंद करण्याचा आदेश दिला. न्यायालये आपले काम करीत आहेत. पण भरपाईची भाषा सुरू होते ती माणूस गेल्यानंतर.

गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आम्हाला सांगतात की सक्शनची गाडी गल्लीत येत नाही, तळाचा घट्ट गाळ तिला खेचता येत नाही, आणि ती महागही पडते. यातील पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत. मात्र गाळ घट्ट होतो तो टाकी वर्षानुवर्षे उपसली नाही म्हणून. दर दोन-तीन वर्षांनी उपसा केला तर तो पंपाने निघतो. घट्ट झालाच असेल तर दाबाने पाणी सोडून तो सैल करता येतो. गाडी दूर उभी करून लांब नळी टाकता येते. राहिला प्रश्न खर्चाचा. पन्नास सदनिकांच्या संस्थेत तो दर घरामागे किती येतो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ज्या इमारतीत रंगकामासाठी लाखो रुपयांचा ठराव एकमताने होतो, तेथे टाकीसाठी सर्वांत कमी दराचा ठेकेदार शोधला जावा, हे आम्हाला अनाकलनीय वाटते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा. तेथून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. पडणारा कोण, पाहुणा की मजूर, तो सावध होता की नव्हता, याची चौकशी त्या नियमात नाही. घर ज्याचे, कठडा त्याचा. अडीच हजार वर्षांहून जुनी ही कायदेशीर बुद्धी आणि २०१३ च्या कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील शाळा, वसतिगृहे, कॉन्व्हेंट, सभागृहे व रुग्णालये यांच्याही टाक्या आहेत, आणि त्यांचेही ठेकेदार आहेत. तेव्हा हा विषय शेजारच्या सोसायटीपुरता नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात; आपल्या संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांच्या बैठकाही वर्षभर होतच असतात. टाकीचा उपसा केवळ यंत्राने होईल, कोणत्याही कारणास्तव माणूस आत उतरवला जाणार नाही, काम चालू असताना समितीचा एक सदस्य जागेवर हजर राहील आणि ठेकेदाराशी लेखी करार केल्याशिवाय झाकण उघडले जाणार नाही, असा ठराव कार्यवृत्तात नोंदवायला दहा मिनिटेही लागणार नाहीत. उपसा गाडीसाठी प्रथम महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात चौकशी करावी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये सफाईमित्र सुरक्षा मोहिमेबरोबर १४४२० हा मदत क्रमांकही जाहीर केला होता. जेथे टाकीत माणूस उतरवला जात असल्याचे दिसेल तेथे काम तत्काळ थांबवावे व महानगरपालिकेला आणि पोलिसांना कळवावे. कोणी कोसळलेच, तर मागोमाग आत उडी न घेता अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे. श्वसनयंत्र त्यांच्याकडे असते.