गाडी हलण्याआधी हिशेब कागदावर घ्या! ऊसतोडीला निघणाऱ्या बीडकरांना आणि त्यांच्या गावांना आवाहन



दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळीच्या वाड्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. कोरडवाहू जमीन आणि बेभरवशाचा पाऊस, म्हणून हाती कोयता येतो. याच कष्टावर राज्याची साखर कारखानदारी उभी आहे. तरीही कामाचा सौदा बहुतेक ठिकाणी तोंडीच होतो, आणि तोंडी ठरलेलं हंगामाच्या शेवटी मजुराच्याच अंगावर येतं.

कारखान्याचा करार असतो मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मजुराचं नाव त्या कागदावर बहुधा नसतंच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनाला २७३ रुपये होते, ते ३६६ च्या आसपास गेले. या दरानं एक लाखाची उचल फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. कोयत्यामागे रोज दोन टन धरले, तर एकही खाडा न करता १३७ दिवस. हंगाम त्याआधी आटोपला, कुणी आजारी पडलं, तर बाकी राहते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जावं लागतं. किती टन तोडले, किती पैसे कापले, हे दाखवायला मजुराजवळ चिठ्ठीसुद्धा नसते.

म्हणून निघण्याआधी एवढं कराच:

१. उचलीची रक्कम, टनाचा दर, खाड्याची कपात आणि कारखान्याचं नाव कागदावर लिहून घ्या. त्यावर मुकादमाची सही हवी आणि नवरा-बायको दोघांचीही नावं हवीत. हा कागद मुकादमालाही उपयोगी आहे. उचल बुडण्याची भीती त्यालाही असतेच. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका.

२. ग्रामसेवकाकडे नोंदणी करून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मागा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ तुमच्यासाठीच आहे.

३. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. परगावी, परराज्यातही तुमच्या वाट्याचं धान्य तिथल्या रेशन दुकानातून घेता येतं.

४. फडावर रोजच्या खेपा आणि टन वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर टोळीतल्या शिकलेल्या पोराला हे काम द्या.

५. शाळेतली मुलं सोबत नेऊ नका. मुख्याध्यापकांना आजच भेटा आणि हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली आहेत. तिथल्या प्रवेशाचीही चौकशी करा.

भगिनींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा नको, दंड नको, म्हणून दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची, हे थांबलं पाहिजे. निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. कुणी ऑपरेशन सांगितलं तर सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

ग्रामस्थांनो, हे काम एकट्या मजुराचं नाही. ग्रामसभा बोलवा, आणि कोण, कुठल्या कारखान्यावर, कुणाच्या टोळीत जातंय याची यादी ग्रामपंचायतीत ठेवा. शिक्षकांनो, वर्गातली नावं एकेक करून तपासा. आशाताईंनो, गरोदर बायांची नोंद आधी घ्या आणि त्यांची कागदपत्रं त्यांच्या हातात द्या. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि मुलींकडे शेजाऱ्यांनी लक्ष ठेवावं. सोबत न्यायला जोडी हवी किंवा घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून पोरीचं लग्न अठराच्या आत उरकलं जात असेल, तर ग्रामसेवकाला कळवा, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा.

कारखाना परिसरातल्या शेतकऱ्यांनाही हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या कष्टानं तुमचा ऊस गाळपाला जातो, त्यांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) पिण्याचं पाणी, शौचालय आणि उजेड आहे ना, हे कारखान्याला विचारा. तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे.

उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवता येत नाही. वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा कायदा त्याला गुन्हा मानतो. असं घडलं तर ११२ ला कळवा, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

दिवस थोडे उरलेत. हे आवाहन आजच आपल्या वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवा, आणि हिशेबाचा कागद हातात आल्याशिवाय एकाही टोळीला गाडीत बसू देऊ नका.